कर्णाचे पाय

(ठाण्यात वाचकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. ‘षट्कर्णी होणे’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. बोलणं दोघांत असेल तर चार कान. तिसरा आला की सहा, आणि सहा कानांवर गेलेली मसलत फुटते, असं जुनं सुभाषित सांगतं. मसलतीच्या बाबतीत ते खरं असेल. कथा-कादंबरीचं मात्र सगळं त्या तिसऱ्या माणसावरच चालतं. लेखक आणि पात्र यांचे मिळून चार कान, उरलेले दोन वाचकाचे. गुपित वाचकापासून लपवलं की उत्कंठा वाढते, एवढंच. ते वाचकाच्या ओटीत घातलं की त्याला ते सांभाळावं लागतं, आणि मग ती गोष्ट त्याला सोडत नाही.

शेवटच्या पानावर खुनी सापडणाऱ्या रहस्यकथा मी आवडीनं वाचते. पण खुनी एकदा कळला की ते पुस्तक सहसा पुन्हा हातात घेतलं जात नाही. महाभारताचं तसं होत नाही. तिथलं सगळ्यात मोठं गुपित व्यास आदिपर्वातच आपल्याला सांगून मोकळे होतात. रंगमंडपात कर्ण आणि अर्जुन समोरासमोर उभे राहतात आणि कुंतीला घेरी येते. विदुर तिला सावध करतो. त्या गर्दीला वाटलं असेल, बाई घाबरली. आपण मात्र तिच्याशेजारी बसलेले असतो, सगळं ठाऊक असून तोंड मिटून.

उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो. त्यावर कर्ण काय मागतो? हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, म्हणतो. कळलं तर तो राज्य घ्यायचा नाही. ज्याच्याविरुद्ध लढायचं त्याच्याच भल्यासाठी पाळलेलं हे गुपित! ‘गुप्त’ हा शब्द ज्या ‘गुप्’ धातूपासून आला, त्याचा अर्थ रक्षण करणे. लपवणं नंतर आलं, आधी राखणं. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. खोटं बोलणारा बहुधा स्वतःला वाचवतो. गुपित पाळणारा पुष्कळदा दुसऱ्याला.

युद्ध संपल्यावर तर्पणाच्या वेळी कुंती अखेर बोलते. युधिष्ठिर म्हणतो, अभिमन्यू गेला त्याच्या शंभरपट हे दुःख आहे. आणि मग शांतिपर्वात तो एक गोष्ट सांगतो, जी मला पूर्ण महाभारतात सगळ्यात जवळची वाटते. द्यूतसभेत कर्ण नको ते बोलत होता, तेव्हा संतापलेल्या युधिष्ठिराची नजर त्याच्या पायांवर गेली आणि राग विरला. कर्णाचे पाय कुंतीच्या पायांसारखे होते. असं का, याचं कारण त्यानं पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. तोंडानं पाळलेलं गुपित पायांनी सांगितलं होतं, त्याला वाचता आलं नाही.

याच युधिष्ठिरानं पुढे शाप दिला, की बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही. मला हा शाप कधीच पटला नाही. एवढी वर्षं जिनं ते पोटात ठेवलं, तिच्याचमुळे हा शाप!

आता माझ्या घरचं सांगते. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. मी दहावीत असताना तिथं टाळेबंदी झाली. आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. रोज सकाळी आई डबा भरून द्यायची, ते निघायचे, संध्याकाळी यायचे. एकदा मी मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला गेले. ही संस्था १८९३ सालची, आमच्या घरात तिला नुसतं ‘लायब्ररी’ म्हणायचे. तिथं वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बाबा बसले होते. पुढ्यात पेपर, पायांशी डब्याची पिशवी. ते वाचत नव्हते. बराच वेळ पान उलटलं नाही. मी तशीच मागे फिरले, पुस्तक न बदलता. घरी ब्र काढला नाही.

मला वाटायचं, हे फक्त मला माहीत आहे. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी, भाजी निवडता निवडता आई म्हणाली, “मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं गं. शर्टाला ऑइलचा वास येईना.” रोज ते कपडे तीच धूत होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, “त्यांनी डबा मागितला, मी दिला. आणखी काय बोलायचं?”

तिघं एकाच दोन खोल्यांत राहत होतो. सहाच्या सहा कानांना ठाऊक होतं, आणि चार महिने ते फुटलं नाही. त्या चार महिन्यांत आईनं डब्यात एकदाही पोळी कमी केली नाही. पैसे कुठून आणत होती, ते मात्र तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे बाबांना तुर्भ्याला काम मिळालं. पहिल्या दिवशी आले ते बाहीवर काळा डाग घेऊनच. आईनं शर्ट हातात घेतला, नाकाशी नेला. त्या रात्री तो भिजत घातला नाही. खुंटीला तसाच टांगून ठेवला.