घरचा पडदा आणि समोर बसलेला पाहुणा

श्रोतेहो, नमस्कार. ओटीटीवर घरबसल्या पाहता येणाऱ्या चित्रपटांविषयी मी एक पॉडकास्ट करते. प्रत्येक भागात एक चित्रपट असतो आणि त्यावर माझ्याशी बोलायला एक पाहुणा असतो. हा पाहुणा कोण असावा आणि त्याने चित्रपट कसा पाहून यावे, या दोन प्रश्नांचा या कामात मी सर्वांत जास्त विचार केला आहे, आणि आज त्यांविषयीच आपल्याशी बोलणार आहे.

नेटफ्लिक्स 2016 च्या जानेवारीत भारतात आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आले. त्याआधी शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाचे परीक्षण रविवारच्या अंकात वाचताना बहुतेकांना एवढेच जाणून घ्यायचे असे, की तिकीट काढावे की नाही. आता वर्गणी आधीच भरलेली असते. चित्रपट सुरू करायला काही पडत नाही आणि विसाव्या मिनिटाला तो सोडून द्यायलाही काही पडत नाही. चित्रपटगृहात खिशातून गेलेल्या पैशांमुळे का होईना, पण माणूस बसून राहत असे, ते बसणे घरात राहिलेले नाही. म्हणून परीक्षण करणाऱ्याने आता प्रेक्षकाच्या शेजारी बसावे, कुठे कान द्यायचा, कुठे धीर धरायचा हे त्याला सांगावे आणि त्याला शेवटच्या दृश्यापर्यंत नेऊन पोहोचवावे, असे मी मानते. हे काम एकट्याने होत नाही. चित्रपटात जे जग दाखवले आहे, त्या जगात वावरलेला माणूस सोबत लागतो.

दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नारायण कांबळे या वयस्कर लोकशाहिरावर खटला भरला जातो. त्यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला, असा आरोप असतो. या चित्रपटावर बोलायला वकील सहज मिळाले असते. मी बोलावले ते न्यायालयातून निवृत्त झालेल्या एका लघुलेखकांना. न्यायाधीशांच्या आसनाखालच्या टेबलाशी बसून त्यांनी तीस वर्षे साक्षी उतरवून घेतल्या होत्या. मी हा चित्रपट तीनदा पाहिला होता, तरी जे माझ्या लक्षात आले नव्हते ते त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, आणि मग न्यायाधीश त्या बोलण्याचे सार स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीत, टंकलेखकाला सांगतात. पुढे खटल्यात जे टिकते ते हे सार. “साक्षीदार थांबला, इकडेतिकडे पाहिले, मग हो म्हणाला, यातले कागदावर फक्त ‘हो’ येते,” असे ते म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही केवळ या कागदावर न आलेल्या गोष्टींविषयी बोललो. चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा येतात, त्यांतली कोणती कोणाच्या सोयीची आणि कोणती कोणाला अवघड, यावर त्या खोलीतले बळ ठरते. फक्त इंग्रजी उपशीर्षके वाचणाऱ्याला भाषा कधी बदलली हे कळणे कठीण असते. मराठी कानाला ते ऐकताक्षणीच कळते, आणि अशा चित्रपटाची चर्चा मराठीत व्हायला हवी हा माझा आग्रह त्यातूनच आलेला आहे.

याच पाहुण्यांमुळे मी एक नियमही करून घेतला. ध्वनिमुद्रणाच्या आधी बोलताना ते म्हणाले, की न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, दिवे मालवले जातात, अंधार होतो आणि चित्रपट संपतो, हा शेवट त्यांना फार आवडला. चित्रपट तिथे संपत नाही. तो अंधार काही काळ तसाच ठेवलेला आहे आणि त्यानंतर सुटीवर गेलेले न्यायाधीश आपल्याला दिसतात. चित्रपटगृहाच्या काळोखात तो क्षण वेगळा भासतो, माणसे आपोआप थांबतात. घरी मात्र पडदा काळा झाला की हात रिमोटकडे जातो. आम्ही ध्वनिमुद्रण चार दिवस पुढे ढकलले. ते शेवटचा भाग पाहून आले तेव्हा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “साहेब सुटीत कसे असतात, हे आम्हाला कधी दिसलेच नाही.” संपूर्ण भागातले ते सर्वांत मोलाचे वाक्य ठरले. तेव्हापासून पाहुण्यांना मी विनंती करते, की चित्रपट एका बैठकीत, वेग न वाढवता आणि श्रेयनामावली संपेपर्यंत पाहावा. ज्यांना तेवढा वेळ नसतो, त्यांच्यासाठी मी थांबते.

घरच्या पाहण्यात सगळी हानीच आहे, असे मात्र मला वाटत नाही. ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ 2020 साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, तिथे त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि 30 एप्रिल 2021 रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. त्यात शरद नेरूळकर हा शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी रात्रीच्या मुंबईत मोटारसायकलवरून संथपणे जात असतो आणि हेडफोनमधून माई या गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकत असतो. माईंचा आवाज चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट ओटीटीवर येण्याच्या अकरा दिवस आधी त्या गेल्या, हे जाणून ती दृश्ये पाहताना मन भरून येते. आता आपणही हेडफोन लावून पाहत असू, तर तो आवाज शरदच्या कानात बोलतो तसाच आपल्या कानात बोलतो, आणि हे जवळपण मला मोठ्या पडद्यासमोर मिळाले असते असे वाटत नाही. मोबाइलच्या स्वतःच्या आवाजावर मात्र हा चित्रपट पाहू नये. त्या भागातल्या पाहुण्या एक गायिका होत्या, त्यांच्या शिष्या त्यांना बाई म्हणतात, आणि मीही तेच म्हणते. त्यांनी स्टुडिओत तानपुरा लावून दाखवला. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेची गुंज लहानशा स्पीकरमधून कशी विरळ होते ते आधी ऐकवले, आणि मग शरदच्या गाण्याविषयी सांगितले, की तो बेसूर नाही, मेहनतीत कमी नाही, आणि तरीही काहीतरी उमटत नाही, हे गाणाऱ्या माणसाला ऐकवत नाही इतके खरे आहे. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक असल्यामुळे, असे उणे राहिलेले गाणे गाणे किती अवघड असेल, हेही बाईंनी स्वतः गाऊन समजावले. हे समजावणे कुठल्याही तारांकित गुणांत मावणारे नाही, म्हणून आमच्या भागात आम्ही तारे देत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगते. हक्कांची मुदत संपली की चित्रपट एका सेवेवरून निघून जातो, आणि इथे दिसणारा चित्रपट परदेशातल्या मराठी श्रोत्याला दिसेलच असे नाही; तेव्हा भाग ऐकवताना तो कोणत्या दिवशी ध्वनिमुद्रित केला ते आम्ही सांगतो. ओटीटीवरच्या वयोगटाच्या खुणा 2021 च्या नियमांनुसार त्या त्या सेवेनेच ठरवलेल्या असतात, म्हणून मुलांसोबत पाहणाऱ्यांना कशाची कल्पना असावी, तेही आम्ही सुरुवातीलाच बोलतो.

शेवटच्या प्रसंगांची चर्चा आम्ही भागाच्या उत्तरार्धात, आधी सूचना देऊन करतो. ‘द डिसायपल’चा शेवट लोकलगाडीत होतो आणि त्यात एक गाणारा आवाज आहे, एवढेच आज सांगते. कित्येकदा श्रेयनामावली सुरू होताच पडदा आक्रसतो आणि पुढच्या चित्रपटाची जाहिरात लागते. असे झाले तर ती बंद करून श्रेयनामावली पुन्हा मोठी करावी, आणि त्या डब्यातला आवाज मनातून ओसरेपर्यंत कोणाशी बोलू नये, हे सांगायला बाई चर्चा संपल्यावर परत माइकसमोर येऊन बसल्या. तो भाग ठरलेल्या वेळेपेक्षा सात मिनिटे लांबला, आणि त्यातले काहीही मी कापले नाही.

नमस्कार.