फायरवॉलला स्विचचं काम सांगू नका

मंडळी, बडोद्याच्या दांडिया बाजारातली आपली जुनी घरं तुम्ही पाहिलेली आहेत. रुंदीला कमी, आत खोल, वर दोन मजले. तिथे वाय-फायचा एक डबा पुरत नाही. केबल ओढावी लागते, मजल्यागणिक स्विच, म्हणजे अनेक केबली एकत्र जोडणारा डबा, बसवावा लागतो. मग हे तीन स्विच फायरवॉलला, म्हणजे घर आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या डब्याला, जोडायचे कसे?

फायरवॉलच्या पाठीमागे चार पोर्ट दिसले की हात आपोआप तिकडे जातो. माझाही गेला होता. तीन स्विच तीन पोर्टांत घातले आणि सगळ्या घराचं नेटवर्क एकच राहावं म्हणून ते पोर्ट ब्रिज केले, म्हणजे फायरवॉललाच स्विचसारखं वागायला लावलं. दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वरच्या मजल्यावरच्या स्टोरेजवर जायचं. फायरवॉल अपडेटनंतर रीस्टार्ट झाली की तेवढ्या वेळाचं रेकॉर्डिंगच नसायचं. इंटरनेट जाणं मी समजू शकतो. पण खालच्या मजल्याचा वरच्या मजल्याशी संबंध तुटावा, हे मनाला फार लागलं.

स्विचमध्ये फ्रेम (माहितीची पाकिटं) इकडून तिकडे पोचवायला खास चिप असते. फायरवॉल म्हणून आपण छोट्या पीसीवर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकतो, तेव्हा ब्रिजमधून जाणारं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला हाताळावं लागतं. पहारेकऱ्याला हमालीला लावण्यातला प्रकार. काही तयार डब्यांत आतच स्विचची चिप असते, तिथे हा त्रास होत नाही. आपला डबा कुठल्या जातीचा, ते आधी पाहा.

म्हणून माझं मत असं, की फायरवॉलखाली एक मुख्य स्विच ठेवावा आणि प्रत्येक मजल्याचा स्विच थेट त्यालाच जोडावा. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी माळ लावलीत तर मधला बिघडताच पुढचे सगळे तुटतात.

मघाशी एका काकांनी विचारलं, फायरवॉल आणि मुख्य स्विच यांच्यामधल्या एकाच केबलवर सगळा भार आला तर ती तुंबणार नाही का? काका, तुमचं इंटरनेट 300 एमबीपीएसचं, आणि गिगाबिट केबल जायला 1000, यायला 1000 देते. भार वाढतो तो व्हीलॅन केल्यावर, म्हणजे त्याच स्विचवर नेटवर्कचे वेगळे कप्पे पाडल्यावर. कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये आणि स्टोरेज दुसऱ्यात ठेवलं, की प्रत्येक पॅकेट त्याच केबलने वर फायरवॉलकडे जातं आणि त्याच केबलने खाली येतं. म्हणून रेकॉर्डिंगचं स्टोरेज कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा. दोन केबली एलएसीपीने (अनेक केबली एकच जोड म्हणून वापरायच्या पद्धतीने) जोडून एकच फाइल दुप्पट वेगाने जाईल, ही आशाही धरू नका. एक प्रवाह एकाच केबलने जातो.

मग ते जादा पोर्ट कशाला? व्हीलॅन करता येणारा मॅनेज्ड स्विच नसेल तर कॅमेऱ्यांचा साधा स्विच वेगळ्या पोर्टात घाला, त्याला स्वतःचं सबनेट, म्हणजे पत्त्यांचा वेगळा गट, द्या, ब्रिज करू नका. घरच्या लॅपटॉपपासून कॅमेरे अलग राहतात, आणि मध्ये काय जाऊ द्यायचं ते फायरवॉल ठरवते. हेच तिचं खरं काम.

आणखी एक. दोन स्विचमध्ये चुकून दुसरी केबल लागली तर लूप, म्हणजे गोल फेरा, होतो. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेलं पाकीट, फिरत राहतं, वाढत जातं आणि काही क्षणांत घरभर सगळं ठप्प होतं. यावरचा, जादा वाट आपोआप बंद ठेवणारा स्पॅनिंग ट्री हा उपाय राडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये शोधला, पण स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये तो बहुधा नसतो. तेव्हा भिंतीतून आलेलं मोकळं टोक दिसलं, तर ते कुठून आलंय हे कळल्याशिवाय स्विचमध्ये घालू नका.