स्कॉटलंडचं जेवण एकदा खाऊन बघाच

स्कॉटलंड म्हटलं की आपल्याकडे लोकांना व्हिस्की आठवते, बॅगपाइप आठवतो, पण जेवणाचं नाव कोणी काढत नाही, आणि काढलंच तर "ते मेंढीच्या पोटात काहीतरी भरतात ना" म्हणून नाक मुरडतात. मला हे अजिबात पटत नाही. थंडी, पाऊस आणि गरिबी यांच्याशी झगडत ज्यांनी हे पदार्थ बनवले त्यांना चवीची उत्तम जाण होती.

हॅगिसपासूनच सुरुवात करू. मेंढीचं हृदय, कलेजी, फुफ्फुस उकडून बारीक करायचं, त्यात भरडलेले ओट्स, कांदा, चरबी आणि भरपूर मिरपूड घालायची आणि सगळं मेंढीच्याच जठराच्या पिशवीत भरून शिजवायचं, आता बरेच ठिकाणी तयार आवरण वापरतात. ओट्स का, तर तिथल्या गार, ओल्या हवेत गव्हापेक्षा ते बरे येतात. आता हे बघा, सुरी लागली आणि वाफेबरोबर सारण बाहेर आलं, दाणेदार, मोकळं. वजडी आवडीने खाणाऱ्या माणसाला यात परकं काही वाटू नये. मिरीचा तिखटपणा जरा उशिरा लागतो, आणि मग सोबतचे नीप्स आणि टॅटीज कामाला येतात, म्हणजे कुस्करलेला स्वीड, हा सलगमच्या जातीतला पिवळट गोडसर कंद, आणि कुस्करलेला बटाटा. तीनही एकाच घासात घ्या, वेगवेगळं खाल्लं तर मजा अर्धीच.

कवी रॉबर्ट बर्न्सने १७८६ मध्ये या पदार्थावर चक्क कविता लिहिली, आणि आजही २५ जानेवारीला, त्याच्या वाढदिवशी, बॅगपाइप वाजवत हॅगिस टेबलावर आणतात, ती कविता म्हणतात आणि कविता म्हणता म्हणताच त्यावर सुरी चालवतात. शाकाहारी लोकांनी व्हिडिओ बंद करू नका, एडिनबरामध्ये मॅकस्वीन नावाच्या हॅगिसवाल्यांनी १९८४ मध्ये डाळी, भाज्या आणि ओट्सचा शाकाहारी हॅगिस काढला, तो आता तिकडे सहज मिळतो.

आता पूर्व किनाऱ्यावर, आर्ब्रोथला. इथली स्मोकी माझी सगळ्यात लाडकी. हॅडॉक मासा साफ करून मीठ लावायचा, शेपट्यांना दोरी बांधून दोन-दोनची जोडी करायची, काठीवर टांगायची, खाली बीच किंवा ओक या झाडांच्या लाकडाचा जाळ आणि वरून ओलं गोणपाट. गोणपाटामुळे धूर आणि वाफ दोन्ही आत कोंडतात, त्यामुळे मासा शिजतोही आणि धुरावतोही, आणि हे सगळं तासाभरात. कातडी तांबूस सोनेरी होते, आतला मासा पांढराशुभ्र आणि रसदार राहतो. २००४ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आर्ब्रोथच्या आसपास आठ किलोमीटरच्या आत बनवली तरच ती आर्ब्रोथ स्मोकी. काठीवरून उतरली की गरम गरम हातानेच खायची, काटे काढत, घाई न करता, कसलाही सॉस नको.

असाच धूर दिलेला पण कच्चा राहिलेला हॅडॉक उत्तरेकडच्या कलन गावच्या सूपमध्ये जातो, कलन स्किंक. मासा, बटाटा, कांदा, दूध, एवढंच साहित्य, मसाला नाहीच. दूध आणि मासा एकत्र म्हटल्यावर आपल्याकडे भुवया उंचावतात हे माहीत आहे, पण धुराची चव दुधात उतरते ना, तिथे बाकी कशाची गरजच पडत नाही, वाटीभर सूप आणि ब्रेड की जेवण झालं.

बाकी स्कॉच ब्रॉथ आहे, बार्ली आणि मटणाचं दाट सूप, तेही छान. स्टोव्हीज मात्र हॉटेलपेक्षा कोणाच्या घरी मिळाले तर सोडू नका, उरलेलं मटण किंवा बीफ, बटाटे, कांदा, चरबीवर झाकून मंद शिजवलेलं, आणि प्रत्येक घराची पद्धत वेगळी, त्यावर वादही होतात. ग्लासगोला गेलात तर तिथल्या भारतीय-पाकिस्तानी हॉटेलांत हॅगिस पकोडा मागवा, बेसनात बुडवून तळलेला, बाहेरून कुरकुरीत, आतून तोच मिरीचा झटका. पण आधी साधा हॅगिस खा, मग पकोडा, म्हणजे मूळ चव कळेल.