लाल मातीचं तळघर आणि अडीच सेकंद

(दृश्य: बैठं घर, बाजूनं खाली जाणारा उतार)

हा अटलांटा शहराचा लेकवूड हाइट्स भाग. घर संगीत-निर्माता रिको वेडच्या आईचं. वर संसार, खाली तळघर. तळघराला फरशी नव्हती. जॉर्जियाची लाल चिकणमाती तशीच उघडी, आणि त्या मातीवर मांडलेली संगीताची यंत्रं. इथं येणारी मुलं या जागेला ‘डंजन’ म्हणायची, म्हणजे अंधारकोठडी.

26 एप्रिल 1994 रोजी आउटकास्ट या अटलांटाच्या रॅप जोडीचा पहिला अल्बम आला, ‘सदर्नप्लेयलिस्टिकॅडिलॅकम्युझिक’. जोडीतले आंद्रे आणि बिग बॉय तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. चेहरे या दोघांचे, म्हणून चर्चाही यांचीच होते. पण या अल्बमचा आवाज घडवला तो तिघांनी: रिको वेड, रे मरी आणि स्लीपी ब्राऊन. तिघांचं मिळून नाव ऑर्गनाइझ्ड नॉइझ. स्लीपीचे वडील जिमी ब्राऊन अटलांटाच्याच ‘ब्रिक’ या फंक बँडमधले, त्यामुळे बेस आणि ब्रासचं वळण याच्या घरातच होतं.

(दृश्य: एसपी-1200, अगदी जवळून, आठ पॅड, आठ सरकपट्ट्या)

हे पाहा. ई-मू कंपनीचं एसपी-1200, 1987 सालचं. आवाजाचे तुकडे भरून घेऊन त्यांवर ताल रचायचं ड्रम मशीन. सॅम्पलिंग, म्हणजे आवाज भरून घेणं, 12 बिटचं, वेग 26.04 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे 26 हजार नमुने. एकूण साठवण जेमतेम 10 सेकंदांची, आणि तीही सलग नाही. चार कप्पे, प्रत्येकी अडीच सेकंदांचे. कुठलाही एक आवाज अडीच सेकंदांपेक्षा लांब असून चालत नाही.

आता हिशेब करा. मिनिटाला 90 ठोक्यांची संथ चाल धरली, तर चार ठोक्यांना 2.67 सेकंद लागतात. म्हणजे एक पूर्ण बारही, चार ठोक्यांचं एक आवर्तनही, कप्प्यात बसत नाही. समेवर यायच्या आतच तबलजीचा हात धरून ठेवावा, तशी गत.

(दृश्य: तबकडी फिरते, वेगाची कळ 33 वरून 45 वर)

यावर त्या काळच्या बऱ्याच बीटवाल्यांची एक युक्ती होती. 33 ची तबकडी 45 च्या वेगानं वाजवून भरून घ्यायची, मग मशीनमध्ये पट्टी खाली उतरवायची. अडीच सेकंदांत साधारण 3.4 सेकंदांचा माल मावतो. किंमत मोजावी लागते ती वरच्या सुरांत. पट्टी उतरवताना मशीन तेच नमुने पुन्हा पुन्हा वाचतं, त्यामुळे झांजेची धार जाते आणि एक खरखर उरते. ड्रमला ही खरखर शोभते. लांब ओढलेल्या बेसच्या सुराला मात्र ती मारक ठरते.

मागच्या बाजूला आठ आउटपुट आहेत, तिथंही घोळ होतो. 1 आणि 2 वर फिल्टर, म्हणजे वरचे सूर गाळणारी चाळणी, आवाजाबरोबर मिटत जातो. तिथं किक, म्हणजे सर्वांत मोठ्या ड्रमचा ठोका, लावायची. 7 आणि 8 ला फिल्टरच नाही, तिथं हायहॅट, म्हणजे झांजांची जोडी. अदलाबदल झाली तर हायहॅट बोथट होते आणि किकमध्ये नको तो चरचराट येतो.

आणि वीज गेली की मशीनमधलं सगळं पुसलं जातं. जे काही राखायचं ते साडेतीन इंची फ्लॉपीवर. फ्लॉपी ड्राइव्हचं डोकं आणि धूळ यांचं कधीच जमत नाही, आणि इथं तर पायाखालीच माती.

(दृश्य: बेस गिटार, उजव्या हाताची बोटं)

म्हणून ड्रम मशीनमधून, आणि सूर माणसांकडून. या अल्बममध्ये बेस प्रेस्टन क्रम्पचा आहे. गिटार आणि कीबोर्डही वाजवलेले, दुसऱ्यांच्या तबकड्यांवरून नुसते उचललेले नव्हेत. डिसेंबर 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिल्यापासून दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरणं महागात पडू लागलं होतं. स्वतः वाजवलं की तो प्रश्नच मिटतो. शिवाय वादक अडीच सेकंदांवर थांबत नाही. चौथ्या बारला तो थोडं वेगळं वाजवतो, ठोक्याच्या किंचित मागं रेंगाळतो.

(दृश्य: मिक्सिंग डेस्क; गाडीच्या डिकीतला स्पीकर थरथरतो)

जिवंत बेसची एक पंचाईत असते. रोलँडच्या 808 ड्रम मशीनची किक साधारण 50 हर्ट्झवर घुमते. बेस गिटारची सर्वांत जाड तार, मोकळी छेडली तर, 41 हर्ट्झवर. दोघं एकाच खोलीत राहायला आले की भांडण ठरलेलं. दोन्ही एकदम वाजले की आवाज वाढण्याऐवजी कधी एकमेकांना खातात, कधी स्पीकर फाटतो. उपाय दोन. किकची शेपटी छाटायची, म्हणजे पुढचा सूर लागायच्या आत ती संपते. नाहीतर बेसवाल्यानंच किकच्या जागा मोकळ्या सोडून वाजवायचं. अटलांटात गाणं ऐकलं जातं गाडीत, त्यामुळे खरी परीक्षा डिकीतल्या स्पीकरवरच. स्टुडिओच्या छोट्या स्पीकरवर हे भांडण ऐकूच येत नाही.

(दृश्य: ‘प्लेयर्स बॉल’चा सिंगल)

आउटकास्टचं हे गाणं लाफेस या रेकॉर्ड कंपनीनं नाताळच्या संकलनासाठी करून घेतलं होतं, 1993 मध्ये. ते अमेरिकेच्या बिलबोर्ड मासिकाच्या रॅप यादीत सहा आठवडे पहिलं राहिलं, आणि त्यामुळे पूर्ण अल्बमचा रस्ता मोकळा झाला. अल्बम बिलबोर्डच्या मुख्य अल्बम यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत गेला, पुढं प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाखांवर खपला. 1995 च्या सोर्स या हिप-हॉप पुरस्कारांत न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी आउटकास्टची हुर्यो उडवली. दक्षिणेलाही काही सांगायचंय, असं आंद्रे मंचावरून म्हणाला.

(दृश्य: श्रेयनामावली)

त्याच उन्हाळ्यात ऑर्गनाइझ्ड नॉइझच्या याच तिघांनी निर्माण केलेलं टीएलसी या गायिकांच्या त्रिकुटाचं ‘वॉटरफॉल्स’ अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तेही ऐका, आणि ऐकताना गाणाऱ्यांकडे जरा दुर्लक्ष करून बेसच्या मागं जा.