दुसऱ्यांदा पेपर देणाऱ्या पोरांसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली की आपल्या खानदेशात लिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, लेकी माहेरी येतात, आणि खापरावरच्या पुरणपोळीचा वास गल्लीभर पसरतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि अभियांत्रिकी, फार्मसीसारख्या प्रवेशांची राज्याची सीईटी, यांचे पेपर याच दिवसांत येतात. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, झोक्यावर बहिणींची गाणी, आणि घरातल्या एका खोलीत दार लोटून एक पोर पुस्तक घेऊन बसलेली. तिचं हे दुसरं वर्ष असेल, तर ती दार नुसतं लोटत नाही, आतून कडी लावते. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारणार असतं, "काय गं, कुठे लागला नंबर?"

मी अनेक वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. आज बोलायचं आहे ते या कडी लावून बसणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी.

चोपडा तालुक्यातल्या एका केळी-कापसाच्या घरातली मुलगी माझ्याकडे आली होती. नीटला ७२० पैकी ३८२ गुण. सोबत वडील. ते दारातच उभे राहून म्हणाले, "सर, पोरनं वरीस वाया गयं का?" मी म्हटलं, आधी पेपर दाखवा. प्रश्नपत्रिका तिच्याकडे होती, ओएमआरची, म्हणजे गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची संकेतस्थळावरून काढून घेतली, आणि आम्ही दोन दिवस एकेक प्रश्न पाहिला. ११० बरोबर, ५८ चूक. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला उणे एक. म्हणजे ४४० वजा ५८.

त्या ५८ चुकांचे आम्ही दोन ढीग केले. एक, जे येतच नव्हतं. दुसरा, जे येत होतं आणि तरी चुकलं. दुसऱ्या ढिगात २७ प्रश्न निघाले. जीवशास्त्रात 'अयोग्य विधान निवडा' असं विचारलं होतं, हिने योग्य विधान काळं केलं होतं. माझ्या विषयात लांबी सेंटिमीटरमध्ये दिली होती, ती मीटरमध्ये न करताच आकडे सूत्रात टाकले होते. असा एक प्रश्न चुकला की मिळणारे चार जातात, वर एक कापला जातो, म्हणजे पाच गुणांचा फरक. २७ गुणिले पाच, १३५. हा आकडा मी पाटीवर लिहिला तेव्हा ती मुलगी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिला वर्षभर वाटत होतं की आपल्याला डोकंच नाही.

पुन्हा परीक्षा द्यायची की नाही, याचा निर्णय मी असा घ्यायला सांगतो. येत असून चुकलेल्यांचा ढीग मोठा असेल तर वर्ष द्यावं. येतच नव्हतं हाच ढीग मोठा असेल, तर वर्षभरात काय वेगळं करणार आहोत, हे आधी कागदावर मांडावं. मांडता येत नसेल तर मिळतो तो प्रवेश घ्यावा. एका मुलाला मी त्याचा पेपर न पाहताच "पुन्हा दे, होईल" असं सांगितलं होतं. अकरावीचं गणित त्याने उघडलंच नव्हतं, आणि सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमावर वीस टक्के प्रश्न असतात. दुसऱ्या वर्षी त्याचं पर्सेंटाइल आणखी खाली आलं. ते मला अजून सलतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे पालकांनी एकदा नीट समजून घ्यावं. सीईटीत नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतली साधारण नव्वद मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत. पेपर अनेक सत्रांत होतो, एखादं सत्र अवघड जातं, म्हणून ही पद्धत. त्यामुळे मागच्या वर्षीपेक्षा चार प्रश्न जास्त सोडवूनही पर्सेंटाइल तेवढंच राहू शकतं. पोरगं खोटं बोलतंय असा अर्थ काढू नका.

आता संधींबद्दल. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि वयाची वरची अट २०२२ मध्ये काढून टाकली. अभियांत्रिकीची देशपातळीवरची जेईई मेन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि एप्रिलमध्ये होते आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटांची सीईटीही २०२६ पासून दोनदा घ्यायचं आणि त्यातला चांगला स्कोअर धरायचा, असं राज्याने ठरवलं. पण चांगला स्कोअर म्हणजे त्याच वर्षातल्या दोनांपैकी. गेल्या वर्षीचे ९४ आणि यंदाचे ८८ असतील तर गेल्या वर्षीचे चालणार नाहीत. दरवर्षी कुणीतरी पालक मागच्या वर्षीचं स्कोअरकार्ड घेऊन येतात, आणि त्यांना हे सांगताना माझाच जीव खाली-वर होतो.

चाळीसगावच्या एका गृहस्थांची मुलगी अमेरिकेत शिकायला जाऊ पाहत होती. तिने तिकडच्या प्रवेशाची सॅट परीक्षा दोनदा दिली होती. पहिले कमी गुण कळवायचे का, असं त्यांनी विचारलं. तिकडे गुण विद्यार्थ्याने सांगितल्यावर विद्यापीठाकडे जातात, आणि कोणत्या तारखेचे पाठवायचे हे बहुतेक ठिकाणी त्यालाच निवडता येतं. काही विद्यापीठं तर दोन परीक्षांतले विषयवार चांगले गुण एकत्र धरतात. पण एखाद्या विद्यापीठाने सगळ्या परीक्षांचे गुण मागितले असतील, तर सगळेच द्यावेत. आपल्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, ही निवडच नाही. आपण अर्ज क्रमांक भरतो, स्कोअर त्यावरून घेतला जातो, आणि गुणवत्ता यादीत मागच्या वर्षीचा आकडा कुठेच येत नाही. तेव्हा पोरांनो, लपवण्यासारखं काही उरतच नाही.

लपवायचं नाही असं मी आणखी एका बाबतीत सांगतो. वर्ष वाया जायला नको म्हणून काहीजण बीएस्सीला नाव घालतात, आणि पुढे गॅप सर्टिफिकेटच्या, म्हणजे मधल्या वर्षाचा खुलासा करणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर 'कुठेही प्रवेश घेतला नव्हता' असं लिहून मोकळे होतात. मूळ दाखला तर त्या कॉलेजात जमा असतो. प्रवेशाच्या दिवशी तो लागतो आणि सगळं उघडं पडतं. खरं लिहा, आधीचा प्रवेश रीतसर रद्द करा, दाखला वेळेवर काढून घ्या.

चोपड्याच्या त्या मुलीने वर्षभर एक लांब वही ठेवली. तीन रकाने: प्रश्न, मी काय केलं, का केलं. तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला नुसतं 'घाई' असायचं. दिवाळीनंतर 'शेवटची ओळ वाचली नाही', 'एकक बदललं नाही' असं नेमकं यायला लागलं. दुसऱ्या खेपेला तिने दहा प्रश्न कमी सोडवले. १३३ बरोबर, २५ चूक, एकूण ५०७.

आणि एवढं करून गाडी अडली ती कागदावर. कागदपत्रांच्या पडताळणीला वडील कापडी पिशवीत मागच्या वर्षीची फाइल जशीच्या तशी घेऊन गेले होते. जात प्रमाणपत्र ठीक, जात वैधता ठीक, डोमिसाइल ठीक. नॉन-क्रिमीलेअरवर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्यावर, खिडकीतल्या माणसाने बोट ठेवलं: मुदत ३१ मार्चला संपली होती. जातवैधता एकदा मिळाली की कायमची असते, नॉन-क्रिमीलेअर तसं नसतं. त्याला मुदत असते, आणि ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र तर त्या आर्थिक वर्षापुरतंच. पहिल्यांदा अर्ज करणारा सगळे कागद नवे काढतो. दुसऱ्यांदा करणारा जुन्या फाइलवर विसंबतो आणि तिथेच अडतो. सेतू केंद्र, प्रांत कार्यालय, परत सेतू, अशा चकरा मारून चौथ्या दिवशी त्यांच्या हातात कागद पडला. मुदत संपायला एक दिवस होता.

एमबीबीएसचा नंबर थोडक्यात हुकला. आयुर्वेदाचं बीएएमएस मिळालं, तिने ते घेतलं. तिसऱ्यांदा देऊ का, असं तिने मला विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. तिचा निर्णय तिने त्या वहीतले ढीग पाहूनच केला होता.

तुमच्या घरात यंदा दुसऱ्यांदा बसणारं पोर असेल, तर आज रात्री ती फाइल काढा आणि नॉन-क्रिमीलेअरवरची तारीख वाचा. अखाजीला पाहुणे आले आणि कुणी नंबराचं विचारलं, तर उत्तर तुम्ही द्या: "यंदा पुन्हा देतेय." पोरीला झोक्यावर जाऊ द्या तासभर.

नमस्कार.