घर सांभाळणारी बाई

(जुन्या कागदावरची तपकिरी शाई. कॅमेरा ओळीवरून सावकाश सरकतो.)

एका मृत्युपत्रात एका बाईचं नाव आहे. एलिझा केवार्क. नावापुढे नातं लिहिलेलं नाही, काम लिहिलंय: हाऊसकीपर. घर सांभाळणारी बाई. तिच्या मुलीचंही नाव तिथे येतं. तिच्यापुढे नातं आहे खरं, पण ते असं: ‘माझी मानली जाणारी अनौरस मुलगी’. माझी मुलगी, असं सरळ नाही. लोक म्हणतात म्हणून माझी.

मृत्युपत्र करणारा माणूस म्हणजे थिओडोर फोर्ब्स. जन्म १७८८, घराणं स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनशायरचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो सुरतेला होता आणि नंतर मुंबईला फोर्ब्स अँड कंपनीत आला. काळा घोड्याजवळच्या डॉ. व्ही. बी. गांधी मार्गाला जुनी माणसं अजून फोर्ब्स स्ट्रीट म्हणतात, ते याच फोर्ब्स नावावरून.

आपल्याला शोधायचंय ते एलिझाचं कुटुंब.

(सुरत. तापीचा काठ. सकाळ.)

सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ ची जानेवारी आठवते. शिवाजी महाराज शहरात शिरले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता जॉर्ज ऑक्झिंडन. १६६९ मध्ये तो इथेच वारला. त्याचं दुमजली, घुमटांचं थडगं सुरतेच्या इंग्रजी कबरस्तानात आजही उभं आहे. त्याच शहरात डच लोकांची वेगळी दफनभूमी आहे आणि आर्मेनियन लोकांची वेगळी. आर्मेनियन थडग्यांवरची अक्षरं आपल्याला अनोळखी, कोनाकोनांची. ही माणसं व्यापारासाठी आली, पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि इथल्या लोकांत मिसळली. मुंबईत फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, त्यांचं सेंट पीटर चर्च १७९६ पासून आहे.

‘केवार्क’ हे आडनाव या लोकांकडेच बोट दाखवतं. आर्मेनियन भाषेत जॉर्ज या नावाचं रूप केवोर्क. इंग्रज कारकुनाने ते जसं ऐकलं तसं उतरवलं असणार. जुने कागद वाचताना ही सवय लावून घ्यावी लागते: डोळ्यांनी वाचायचं नाही, मोठ्याने म्हणून बघायचं. कागदावर परकं वाटणारं नाव कानाला लगेच ओळखू येतं.

(लंडन. ब्रिटिश लायब्ररीचं वाचनालय.)

आपल्याकडे कूळ शोधायचं तर माणूस त्र्यंबकेश्वरला जातो. घराणं आणि गाव सांगितलं की तीर्थोपाध्याय वही काढतात आणि पणजोबांच्या हातची नोंद समोर येते. कंपनीच्या गोऱ्या नोकरांची तशी वही लंडनला आहे. कंपनीचे पाद्री दरवर्षी आपल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या नकला वर पाठवत. मद्रासच्या नकला १६९८ पासून आहेत, मुंबईच्या १७०९ पासून, बंगालच्या १७१३ पासून. मुंबई इलाख्याच्या नोंदींत सुरतही आली. आज यातलं बरंचसं घरबसल्या संगणकावर पाहता येतं. ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्यांची एक संस्था १९९८ पासून स्वयंसेवकांच्या हातून याद्या उतरवून घेते आहे, आणि त्या याद्यांनी कितीतरी लोकांना त्यांचे पूर्वज मिळवून दिले आहेत.

पण ही नक्कल आहे, हे विसरायचं नाही. मूळ वही चर्चमध्येच राहिली. नकलेत ओळ सुटते, आकडा चुकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईचं नाव गळतं. बाप गोरा आणि आई इथली असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदीत कितीदा तरी बापाचंच नाव येतं, आणि पुढे फक्त ‘अनौरस’. बाई आर्मेनियन असेल तर तिचे संस्कार तिच्या चर्चमध्ये, तिच्या लिपीत; ते लंडनला जायचं कारणच नाही. कॅथॉलिक असेल तर पोर्तुगीज वह्यांत. वसईच्या ईस्ट इंडियन आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांना या वह्या चांगल्या ठाऊक आहेत. तिथे एक गोष्ट मात्र फार मोलाची मिळते, ती म्हणजे धर्ममाता-धर्मपित्याचं नाव. आईचं माहेर कळत नसेल तर मुलाच्या धर्मपित्याकडे बघावं. बहुतेकदा तो मामा निघतो, नाहीतर मावशीचा नवरा.

थिओडोरपुरती आणखी एक अडचण. तो १८२० मध्ये जहाजावर वारला. समुद्रात गेलेल्या माणसाची कबर नसते आणि गावच्या चर्चच्या वहीत दफनाची ओळही नसते. म्हणून चर्चचा रस्ता इथे थांबतो, आणि आपण कोर्टाच्या दारात येतो.

मला विचाराल तर या शोधात कोर्टाचा कागद चर्चपेक्षा जास्त खरं बोलतो. बाप्तिस्म्याच्या वहीत माणूस अब्रू सांभाळतो, मृत्युपत्रात त्याला पैसे कोणाच्या हातात पडायचे ते सांगावंच लागतं. लग्न न झालेल्या बाईला वारसाहक्काने काही मिळत नाही. तिला काही द्यायचं असेल तर तिचं नाव लिहावंच लागतं. ज्या बायकांची नोंद कोणत्याही चर्चने ठेवली नाही, त्या अशा रीतीने मृत्युपत्रांत सापडतात.

मुंबईत ही कामं आधी मेयर्स कोर्टात चालत. १७९८ मध्ये त्याची जागा रेकॉर्डर्स कोर्टाने घेतली, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आलं आणि १८६२ मध्ये हायकोर्ट. प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाने दिलेल्या मंजुरीचा, कागद शोधताना आधी मृत्यूचं साल पाहायचं, मग त्या सालचं कोर्ट. १८२० म्हणजे रेकॉर्डर्स कोर्टाचा काळ. विलायतेत मालमत्ता असेल तर कँटरबरीच्या धर्मपीठाचं कोर्ट, स्कॉटलंडमध्ये असेल तर एडिंबरा. एकाच माणसाचं मृत्युपत्र दोन-तीन ठिकाणी दाखल झालेलं आढळतं, आणि एका नकलेत पुसट असलेला शब्द दुसरीत स्पष्ट असतो. त्यामुळे एक नक्कल मिळाली म्हणून थांबू नये.

(मृत्युपत्राच्या नकलेचं एक पान, अगदी जवळून.)

त्या काळची नक्कल वाचणं म्हणजे दमाचं काम. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. जोडून आलेल्या दोन ‘एस’पैकी पहिला ‘एफ’सारखा लांब. शाईच्या कडा कागदात उतरून तांबूस झालेल्या. कारकून ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ची माळ लावत जातो, आणि त्या माळेत कुठेतरी एक नाव असं येतं की ते इंग्रजी नाही. तिथे बोट ठेवायचं.

थिओडोरच्या मृत्युपत्रात तसं बोट ठेवलं की एलिझा सापडते आणि तिची मुलगी सापडते. कॅथरीन स्कॉट फोर्ब्स, घरातली किटी. जन्म १८१२. एलिझाला थिओडोरपासून अलेक्झांडर नावाचा मुलगाही होता.

किटीला लहान वयातच बापाच्या देशी पाठवलं गेलं. आई इथेच राहिली. असं तेव्हा सर्रास चाले. ज्या मुलाचा रंग विलायतेत खपून जाईल ते तिकडे, बाकीची इथे. एका घरातली भावंडं दोन खंडांत वाढत, आणि त्यांची आई तिसऱ्याच कोणाच्या पत्राची वाट पाहत बसे. हे लिहितानाही माझ्या पोटात तुटतं.

(ॲबरडीन. करडा दगड, पाऊस.)

पुढचा माग स्कॉटलंडमध्ये तुलनेने सोपा आहे. १८३७ मध्ये किटीचं लग्न जेम्स क्रॉम्बीशी झालं. घराणं कॉथल मिल्सच्या लोकरीच्या गिरणीवाल्यांचं. क्रॉम्बी कोट त्यांच्याच नावाचा. १ जानेवारी १८५५ पासून तिथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, आणि स्कॉटलंडच्या मृत्यूच्या दाखल्यात आईचं माहेरचं नाव विचारतात. शोध घेणाऱ्याला याहून मोठी मदत नाही. किटीची मुलगी जेन क्रॉम्बी. जेन लिटलजॉन घराण्यात गेली. तिची मुलगी रूथ लिटलजॉन गिल घराण्यात गेली. तिची मुलगी रूथ गिल, जन्म १९०८, लेडी फर्मॉय झाली. तिची मुलगी फ्रान्सिस. फ्रान्सिसची मुलगी डायना.

ती डायना. प्रिन्सेस ऑफ वेल्स.

बघा, प्रत्येक पिढीत आडनाव बदललंय, कारण प्रत्येक पिढीत मुलगी आहे. वंशावळीत आपण बापाची ओळ चढत जातो. ही आईची ओळ आहे, लेकीकडून लेकीकडे गेलेली. म्हणूनच २०१३ मध्ये एक वेगळा पुरावा मिळू शकला. आईकडून येणारा एक डीएनए मुलगा-मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे देते ती फक्त मुलगी. डायनाच्या आईकडच्या दूरच्या नातलगांची लाळ तपासली, आणि त्यात आर३०बी नावाचा प्रकार निघाला. तो तोवर चौदा माणसांत सापडला होता: तेरा भारतीय आणि एक नेपाळी.

यावरून एलिझा आर्मेनियन नव्हतीच, असं काहींनी लगेच म्हणून टाकलं. तसं होत नाही. ही तपासणी फक्त आईच्या आईच्या आईबद्दल बोलते. बाप आर्मेनियन आणि आईची ओळ इथलीच असेल, तर आडनाव आणि डीएनए यांचं भांडण राहत नाही. सुरतेसारख्या बंदरात असं घर असणं अजिबात नवलाचं नाही.

(पुन्हा कागद. यावेळी पत्र.)

थिओडोर मुंबईला गेल्यावर एलिझा सुरतेहून त्याला पत्रं पाठवत असे. मला तुमच्याकडे येऊ द्या, असं मागत असे. ती पत्रं त्याच्या कागदपत्रांबरोबर स्कॉटलंडला पोचली आणि टिकली. चर्चने तिला लिहिलं नाही, कोर्टाने लिहिलं ते नोकर म्हणून. पत्रांत ती स्वतः बोलते.

पत्रांतला मजकूर ओळीओळीने सरकत जातो. आणि मधेच, कॅमेरा थांबतो तिथे, आर्मेनियन लिपीतली अक्षरं. सुरतेच्या दफनभूमीतल्या थडग्यांवर असतात तशीच, कोनाकोनांची.