पहिल्या बर्फाच्या पोटात

(दृश्य: पायथ्याशी सुकलेलं गवत, वर सावलीत पांढरा उतार.)

हंगामातला पहिला मोठा हिमपात रात्री थांबलाय. खाली दरीत अजून गवत उघडं आहे. भरघोस बर्फ आहे तो फक्त वर, सावलीतल्या उतारांवर. उन्हाळाभर अडगळीत पडलेल्या स्की काढून निघालेल्यांची पावलं साहजिकच तिकडे वळतात.

तिथेच बर्फ एवढा कसा, आणि हिमस्खलनाचा धोकाही तिथेच का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

काही आठवड्यांपूर्वी वीतभर बर्फ पडून गेला होता. उन्हातला वितळला. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या उंच उतारांवरचा टिकला. मग निरभ्र, कडाक्याच्या रात्री आल्या. जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते, त्यामुळे बर्फाचा तळ शून्य अंशाच्या आसपास राहतो. वरचा पृष्ठभाग मात्र उणे 10, उणे 15 पर्यंत उतरतो. दर 10 सेंटीमीटरला साधारण एका अंशाहून जास्त फरक पडला, की तळातली वाफ वर चढून कणांवर गोठू लागते. एकमेकांना धरून असलेले कण सुटे, कंगोरेदार होतात. थर जितका पातळ, तितका हा फरक तीव्र. म्हणजे 'बर्फ थोडा, तर धोकाही थोडा' हा हिशेब इथे साफ चुकतो.

(दृश्य: फावड्याने खणलेला खड्डा. हातमोज्यावरून कण ओघळतात.)

हा बघा तो जुना बर्फ. मूठ आवळली तरी गोळा होत नाही, जाड साखरेसारखा गळतो. आणि वाऱ्याने दाबून घट्ट केलेली कालच्या बर्फाची लादी नेमकी याच साखरेवर बसली आहे.

(आवाज: धप्प.)

ऐकलंत? पायाखालचा कमकुवत थर खचला. सपाटीवर नुसता आवाज येतो. पण ही खचण दूरवर पसरू शकते. वरचा उतार 30 ते 45 अंशांचा असेल, तर तुम्ही खाली उभे असतानाही त्यावरची लादी सुटून घसरू शकते. हिमस्खलनात बळी गेलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत, लादी त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानेच सोडवलेली असते.

या दिवसांत लहानसं स्खलनही महागात पडतं. दगड, झाडांचे बुंधे अजून झाकलेले नसतात; माणूस गाडला गेला नाही तरी त्यांच्यावर आपटत खाली येतो. गाडला गेलाच, तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती हातात असतात. मदत बोलावून ती पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो, शोधायचं सोबत्यांनीच. त्यासाठी बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं, अंगावर बाळगायचं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाजवळ. (बीकनमधली बॅटरी गेल्या हंगामातली तर नाही ना? पहिल्याच फेरीला हे हमखास विसरतं.) शिवाय अनेक ठिकाणी हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज देणारं रोजचं पत्रक अजून सुरूही झालेलं नसतं. तेव्हा खड्डा आपणच खणायचा.

(दृश्य: चौघं जण नकाशावर वाकलेले.)

त्या धप्पनंतर हे चौघं मागे फिरले. आता ते पलीकडच्या बुटक्या टेकाडावर आहेत. उतार 25 अंशांच्या आत, डोक्यावर दुसरा उभा उतार नाही. बर्फ तिथे जेमतेम आहे. पहिल्याच वळणाला स्कीखाली दगड लागतो. खर्र.

मागून कुणीतरी हसतं.